गंगथडी व बालाघाट : बीड जिल्ह्याचा भूगोल आणि इतिहास

भूगोल शिकवावयाचा म्हणजे प्रथम भिंतीवर नकाशा टांगावयाचा, ही आम्हां शिक्षकांची जुनी रीत. नभोवाणीवर ती सोय नाहीं. म्हणून आज बीड जिल्ह्याचा नकाशा मला शब्दांनींच काढून दाखवावा लागणार आहे. रेघा चारच आहेत. त्या मनांत नीट ओढून घेतल्या कीं पुढचें सारें सोपें होईल.

पहिली रेघ वरच्या बाजूस आडवी काढावी. ही गोदावरी. पैठणखालून येणारी ही नदी गेवराई, माजलगांव आणि परळी ह्या तालुक्यांच्या कडेनें पूर्वेस जाते, आणि तीच ह्या जिल्ह्याची उत्तर सीमा होय. आमच्याकडील खेड्यांत तिला गोदावरी असें क्वचितच म्हणतात. ती ‘गंगा’, आणि तिच्या कांठची काळी, सपाट, कसदार जमीन ती ‘गंगथडी’. दुसरी रेघ पश्चिमेच्या टोंकास उभी काढावी. ही सीना नदी, आष्टी तालुक्याची कड. तिसरी दक्षिणेस, ती मांजरा. आतां ह्या तीन नद्यांच्या मधून, पश्चिमेकडून आग्नेयेकडे जाणारी एक जाड व वेडीवांकडी रेघ ओढा. हा बालाघाटाचा डोंगर. अहिल्यानगराच्या बाजूनें तो जिल्ह्यांत शिरतो आणि पाटोदा, धारूर, अंबाजोगाई हे भाग आपल्या पाठीवर घेऊन लातुराकडे निघून जातो. जिल्ह्याचें क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर, तालुके ११, आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणें लोकसंख्या २५ लाख ८५ हजार.

गंगथडी समुद्रसपाटीपासून सुमारें ४०० ते ५०० मीटर उंच आहे; घाटमाथा ६०० मीटरांहून अधिक. म्हणजे फरक अवघा दीड-दोनशें मीटरांचा. परंतु बीड शहरांतून निघून दक्षिणेस मांजरसुंब्याचा घाट चढून जाणाऱ्या प्रवाशास, आपण एका मुलखांतून दुसऱ्या मुलखांत आलों, हें कोणी सांगावें लागत नाहीं. खालीं काळ्या रानांत कापूस, गहूं, ऊंस. वर मुरमाड, उथळ जमिनींत बाजरी, तूर आणि उघड्या टेकड्यांवर सीताफळाचीं झाडें. हें सीताफळ इतकें गोड कीं बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला. पण सीताफळाचें झाड जेथें आपण होऊन उगवतें, तेथें पाण्याची काय अवस्था असते, हें जाणत्यास निराळें सांगावयास नको.

हा भेद कशामुळें पडला? दख्खनचें पठार सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याच्या थरांवर थर सांचून झालें. ह्या काळ्या दगडांत वाळूच्या जमिनीसारखें पाणी मुरत नाहीं. दगडाच्या भेगांत, सच्छिद्र थरांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमांत जेवढें सांठेल तेवढेंच खरें. त्यांत सह्याद्रीनें पश्चिमेकडचे बहुतेक ढग अगोदरच रिते केलेले असतात. आमच्या वाट्यास वर्षास सरासरी ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस येतो, आष्टीकडे त्याहूनही कमी. आणि तोही महिनोगणती संथपणें न पडतां थोड्या दिवसांत धो-धो कोसळतो व मग पाठ फिरवितो.

त्यावर आणखी एक गोष्ट लक्षांत घ्या. बालाघाट हा पाण्याची वांटणी करणारा डोंगर आहे. माथ्यावर पडलेला पाऊस तीन वाटांनीं निघून जातो. उत्तरेकडचा बिंदुसरा, सिंदफणा, कुंडलिका ह्यांच्या रूपानें गोदावरीस मिळतो. पश्चिमेचा सीनेंतून भीमेस आणि भीमेंतून कृष्णेस जातो. दक्षिणेचा मांजरेंत पडतो. ती लातूर, बिदर असा मोठा वळसा घालून तेलंगणांत पुन्हां गोदावरीलाच भेटते. मांजरा पाटोदा तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते, आणि बीड शहराच्या मधून वाहणारी बिंदुसराही बालाघाटांतच. म्हणजे घाटावरून पाणी चोहोंकडे जातें. बाहेरून घाटावर थेंबही येत नाहीं. उलट गंगथडीस स्वतःच्या पावसाखेरीज नाशिकापासूनचें परक्या मुलखाचें पाणी आयतें येऊन मिळतें. एक लेकरूं घेणारें, एक देणारें. आणि दोघें एकाच जिल्ह्याच्या घरांतलीं.

ह्या रचनेचें एक जुळें भावंड पृथ्वीच्या पाठीवर आहे, तें आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर. आज ज्यास लीबिया म्हणतात त्या देशाचा वायव्येकडील प्रांत त्रिपोलितानिया. त्याचा नकाशाही असाच पट्ट्यांचा आहे. उत्तरेस भूमध्य समुद्राचा हिरवा कांठ, त्याच्या मागें जफारा नांवाचें मैदान, त्याच्या मागें नफूसा नांवाचा डोंगर, आणि त्यापलीकडे वाळवंट. कांठावर फिनिशियन व्यापाऱ्यांनीं तीन नगरें वसविलीं : साब्राथा, ओइया आणि लेप्टिस. ‘तीन नगरांचा’ म्हणून प्रांताचें नांव त्रिपोली. पुढें रोमन राज्यांत लेप्टिस इतकें भरभराटीस आलें कीं तेथें १४५ सालीं जन्मलेला सेप्टिमियस सेव्हेरस १९३ सालीं रोमचा सम्राट् झाला. ही भरभराट केवळ बंदरामुळें झाली असें नव्हे. डोंगरापलीकडच्या कोरड्या ओढ्यांत त्या लोकांनीं आडवे दगडी बांध घातले, वर्षांतून दोन-चार वेळां येणारा लोंढा अडविला, त्याचा गाळ धरला, आणि त्या गाळांत ऑलिव्हचीं झाडें लाविलीं. त्या झाडांच्या तेलानें किनाऱ्याचीं नगरें श्रीमंत झालीं. किनाऱ्याचें वैभव डोंगराआडच्या माणसांनीं अडविलेल्या पाण्यावर उभें होतें. हें वाक्य आपण ध्यानांत ठेवावें. आमच्या जिल्ह्यासंबंधानें त्याची पुढें गरज लागेल.

आतां इतिहासाकडे वळूं. ह्या जिल्ह्याच्या इतिहासांत राज्यें पुष्कळ आलीं आणि गेलीं. परंतु कोणत्या राजानें कोणास जिंकिलें ह्यापेक्षां, कोणी पाणी धरिलें आणि कोणी सोडून दिलें, ह्या दृष्टीनें तो वाचला तर फार बोलका होतो.

देवगिरीच्या यादवांच्या काळीं घाटमाथ्यावरील अंबाजोगाई हें मोठें ठाणें होतें. सिंघण यादवाचा सेनापति खोलेश्वर ह्याचे शिलालेख तेथें आहेत. त्याचा पुत्र राम गुजराथच्या स्वारींत नर्मदेकांठीं पडला. तेव्हां खोलेश्वराची कन्या लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ १२४० सालीं देवालय बांधविलें, त्याचा लेख आजही वाचतां येतो. युद्धांत पडलेल्या भावासाठीं बहिणीनें कोरविलेला हा दगड आमच्या जिल्ह्याच्या इतिहासांतील अत्यंत हृदयस्पर्शी दस्तऐवज होय. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधि ह्याच अंबाजोगाईस दाखवितात, आणि त्या ग्रंथाचा काल शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, असा सांगितला जातो. सोळाव्या शतकांत दासोपंत तेथेंच राहिले. कागद अपुरा पडावा तसें त्यांनीं आपलें ‘पंचीकरण’ एका लांबलचक कापडावर लिहिलें, ती प्रसिद्ध पासोडी होय. योगेश्वरीचें देवस्थान, कोरीव लेणीं आणि हीं संतस्थानें ज्या घाटमाथ्यावर झालीं, तेथें तळीं, बारवा आणि कुंडें ह्यांचीही रेलचेल होती. बीड शहराचें कंकालेश्वर मंदिर तर एका जलाशयाच्या मधोमधच उभें आहे.

यादवांनंतर सुलतानी अंमल आला. महंमद तुघलखाविषयीं फिरिश्त्यानें एक मौजेची हकीकत लिहून ठेविली आहे. दक्षिणेंतील स्वारींत बादशहाचा एक दांत बीडच्या परिसरांत पडला. तो त्यानें समारंभानें पुरविला आणि त्यावर थडगें बांधविलें! आमच्या मुलांस हा धडा फार आवडे. पण मग मीं त्यांस विचारीत असें, कीं बादशहाच्या दांताचा ह्या गांवास कांहीं उपयोग झाला काय? आणि मग त्यांस खजाना विहिरीकडे वळवीत असें.

बीडहून सोलापूरच्या रस्त्यास लागलें कीं थोड्याच अंतरावर ही विहीर आहे. अहमदनगरच्या मूर्तजा निजामशहाच्या काळीं, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, बीडचा जहागीरदार सलाबतखान ह्यानें ती बांधविली. योजना राजा भास्कर नांवाच्या कारागिराची, असें सांगतात. गोल, प्रशस्त बांधणी, आणि तिला तीन भुयारी वाटा. दोन वाटांनीं पाणी विहिरींत येतें, तिसऱ्या वाटेनें बाहेर जातें आणि खालच्या शेतांत उघड्यावर येऊन रान भिजवितें. मोट नाहीं, बैल नाहींत, रहाट नाहीं. जमिनीचा उतार हाच तिचा बैल. ज्या वर्षीं इतर विहिरी कोरड्या पडतात त्या वर्षींही हिचें पाणी टिकून राहतें, अशी तिची ख्याति आहे. तिचें मर्म एवढेंच कीं डोंगराच्या बाजूनें जेवढें पाणी आपसुक पाझरतें तेवढेंच ती घेते. ओढून घेत नाहीं. खजिना गवसावा तशी ही विहीर. म्हणून नांवही सार्थ.

भुयारांतून पाणी आणण्याची ही विद्या एकट्या बीडची नव्हे. इराणांत ती फार प्राचीन. आफ्रिकेंत त्रिपोलीच्या दक्षिणेस, फेझान नांवाच्या वाळवंटी प्रदेशांत, गारामांत नांवाच्या लोकांनीं अशा शेंकडों भुयारी वाटा खोदून ओअॅसिसें फुलविलीं होतीं. आणि योगायोग पहा : निजामशाहीचा शेवटचा कर्तबगार पुरुष मलिक अंबर हा आफ्रिकेंतूनच, हबसाणांतून, गुलाम म्हणून इकडे आलेला. त्यानें खडकी शहर वसविलें, तेंच पुढचें औरंगाबाद आणि आजचें छत्रपति संभाजीनगर. त्या शहरासही त्यानें जमिनीखालून नहर आणून पाणी पाजलें. १६२६ सालीं तो वारला. त्याच्या लढाया बखरींत राहिल्या. नहरीनें मात्र पिढ्यान्‌पिढ्या तहान भागविली.

मलिक अंबराच्या मृत्यूनंतर चारच वर्षांत दख्खनवर १६३० ते १६३२ चा घोर दुष्काळ कोसळला. त्याच वेळीं मोगल आणि निजामशाही ह्यांचें युद्ध चालू होतें. बालाघाटावरील धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान ह्यानें बांधलेला, पुढें निजामशाहीकडे गेलेला. ह्या दुष्काळांतच, १६३१ च्या आरंभीं, मोगल सरदार आझमखान ह्यानें तो घेतला. आज तो पाहिला तर तट आणि बुरूज ह्यांइतकेंच लक्ष आंतील जलाशयांकडे जातें. डोंगरावर किल्ला बांधणाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक होती : तोफेनें किल्ला पडण्यास दिवस लागतात, पाणी संपल्यावर तो एका रात्रींत पडतो.

थडीवरही पाण्यानें एकदां इतिहासाचा निकाल लाविला आहे. गेवराई तालुक्यांत गोदेच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन हें क्षेत्र आहे. १० ऑगस्ट १७६३ हा दिवस. निजामअलीची फौज नदी उतरत होती. खुद्द निजाम पलीकडे पोहोंचला होता, आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागील फौजेनिशीं अलीकडच्या तीरावर होता. श्रावण-भाद्रपदांतली गंगा! तेवढ्यांत मराठे येऊन भिडले. राघोबादादा शत्रूच्या गराड्यांत सांपडले असतां अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनीं चालून जाऊन त्यांस सोडविलें. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या तीरावरून निजामास आपल्या सैन्याचा नाश पहावा लागला, कारण मध्यें नदी होती. पानिपतानंतर अडीच वर्षांत मराठी राज्यानें मान पुन्हां वर काढली ती ह्या थडीच्या चिखलांत.

त्याच पानिपतांतून बचावलेल्या महादजी शिंद्यांचे गुरु मन्सूरशहा हे बीडचे. त्यांची समाधि येथें आहे. परळीच्या वैद्यनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनीं केला. हीं दोन्ही नांवें एका दमांत घेतां येतात, हें ह्या जिल्ह्याचें भूषण आहे.

पुढें हा मुलूख निजामाच्या राज्यांतच राहिला. १८१८ सालीं धर्माजी प्रतापराव ह्यांनीं येथें बंड उभारलें. १८९९ सालीं बाबासाहेब नांवाच्या पुरुषाचा असाच उठाव झाला. दोन्ही मोडले. अंबाजोगाईस मोमिनाबाद असें नांव पडलें आणि तेथें घोडदळाची छावणी बसली. त्याच गांवीं एकोणीसशें तिसाच्या नंतरच्या दशकांत स्वामी रामानंद तीर्थ शाळेंत शिकवीत होते. पुढें हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचें नेतृत्व त्यांच्याकडे गेलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान भारतांत आलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. परळीस आगगाडी १९३० च्या सुमारासच आली होती. परंतु जिल्ह्याच्या मुख्य शहराला, बीडला, ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं अहिल्यानगरहून प्रथम आली. मधलीं सारीं वर्षें बीडकरांनीं रेल्वेची वाट पाहिली.

स्वराज्यांत पाण्याचीं मोठीं कामें झालीं, ह्यांत शंका नाहीं. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झालें. त्याचा उजवा कालवा गेवराईच्या रानांतून माजलगांवाकडे येतो, आणि सिंदफणेवर माजलगांवचें धरण झालें. परळीस १९७१ पासून औष्णिक वीजकेंद्र चालू झालें, तें गोदावरीच्या पाण्यावर. मांजरेवर केज तालुक्यांत धनेगांवचें धरण झालें, तें लातुराची तहान भागवितें. पण आपण काढलेला नकाशा पुन्हां डोळ्यांपुढें आणा. हीं सारीं मोठीं पाणीं खालच्या रेघांवर आहेत. घाटाची जाड रेघ कोरडीच राहिली. आणि वर पाऊस पडला नाहीं तर खालच्या धरणांचेंही काय होतें, हें २०१३ सालीं दिसलें, जेव्हां परळीचें वीजकेंद्र पाण्यावांचून बंद ठेवावें लागलें; आणि पुन्हां २०१६ सालीं दिसलें, जेव्हां मांजरा आटल्यामुळें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें.

घाटावरचें पाणी जसें चोहोंकडे वाहून जातें, तशींच तेथील माणसेंही वाहून जातात. १९७२ च्या दुष्काळानें ह्या वाहण्यास वेग आला. दसरा-दिवाळी झाली कीं पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, केज, वडवणी येथील वाड्या-तांड्यांवरून लाखों माणसें ऊंसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठीं नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजलीं जातात. ह्या शब्दाकडे लक्ष द्यावें. हिशेबाच्या वहींत दोन माणसें मिळून एक हत्यार होतें! फडावर पाचटाच्या कोप्या, पहांटेच्या काळोखांत तोडणी, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडींत भरणें, रात्रीं-अपरात्रीं कारखान्यावर खेप. आजारी पडून खाडा झाला तर पैसे कापले जातात. ह्या धाकापायीं गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया आमच्या जिल्ह्यांतील ऊंसतोड स्त्रियांत किती वाढल्या, ह्याची चौकशी करण्यासाठीं २०१९ सालीं शासनास समिति नेमावी लागली.

मीं घाटावरच्या एका शाळेंत पुष्कळ वर्षें शिकविलें. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशीं हजेरी घेतांना एकामागून एक नांवाला उत्तर येत नसे. मुलें आईबापांबरोबर फडावर गेलेलीं असत. थोरली बहीण धाकट्यांस संभाळावयास. एप्रिलांत तीं परत येत तेव्हां परीक्षा तोंडावर आलेली असे. त्या मुलांना ‘मांजरा नदीचा उगम कोठें होतो?’ असा प्रश्न विचारतांना माझी जीभ अडखळे. कारण ज्या डोंगरांत नदीचा उगम आहे त्याच डोंगरांतून, पाणी नाहीं म्हणून, तीं परगांवीं गेलेलीं होतीं. आतां गांवोगांव हंगामी वसतिगृहें होत आहेत. मुलगा किंवा मुलगी आजीजवळ अथवा वसतिगृहांत राहून शिकूं शकते. हें फार मोलाचें काम आहे. कोणत्याही मोठ्या धरणापेक्षां मी त्यास कमी लेखणार नाहीं.

आतां तें त्रिपोलीचें वाक्य आठवा. किनाऱ्याचें वैभव डोंगराआडच्या माणसांच्या श्रमांवर उभें होतें. आपल्या महाराष्ट्राची साखरही तशीच घाटावरच्या माणसाच्या कोयत्यावर उभी आहे. फरक इतकाच कीं त्या प्रांतीं डोंगराआडच्या शेतकऱ्यानें स्वतःच्या ओढ्यांत बांध घालून स्वतःच्या रानांत झाड लाविलें. आमचा शेतकरी दुसऱ्याच्या मुलखांतल्या पाण्यावर वाढलेला ऊंस तोडावयास जातो.

ह्यास उपाय नाहीं काय? उपाय नवा नाहीं; तो जुनाच आहे. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्या हातांनींच गांवोगांव पाझर तलाव बांधले गेले, आणि त्याच अनुभवांतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. आज त्यांतील कित्येक तलाव गाळानें भरले आहेत. तो गाळ काढून उथळ रानांत पसरला तर तलावही खोल होतो आणि रानही कसदार होतें. आमच्या शेतकऱ्यांत ‘माथा ते पायथा’ असा एक उत्तम शब्दप्रयोग रूढ झाला आहे : पाणी अडवावयाचें तें प्रथम डोंगराच्या माथ्यावर, मग उतारावर, आणि शेवटीं नदींत. आपण आजवर बहुधा हें पुस्तक शेवटच्या पानापासून वाचीत आलों.

एक इशाराही इतिहास देतो. फेझानच्या गारामांतांनीं भुयारी वाटांनीं जें पाणी काढलें तें हजारों वर्षांपूर्वीं जमिनींत मुरलेलें होतें. त्याची भरपाई करणारा पाऊस तेथें उरला नव्हता. पाण्याची पातळी खालीं खालीं गेली आणि तें राज्य ओसरलें. आज आमच्या घाटावर विंधनविहिरी शेंकडों फूट खालीं जात आहेत. खडकांत सांठा मुळांतच थोडा. तो वर भरून न टाकतां खालून उपसला तर गारामांतांची गत व्हावयास वेळ लागणार नाहीं. खजाना विहीर चार शतकें टिकली ती देईल तेवढेंच घेण्याच्या रीतीनें, हें विसरतां कामा नये.

आणि पाण्याच्या अभावाइतकाच त्याचा अतिरेकही ह्या जिल्ह्यास ठाऊक आहे. १९८९ च्या जुलैंत बिंदुसरेनें बीड शहरांत हाहाकार केला. २०२५ च्या सप्टेंबरांत तर कायम तहानलेल्या आष्टींत आणि सिंदफणेच्या कांठीं पुरांनीं पिकें आणि माती वाहून नेली. त्याच्या दोन वर्षें आधीं, सप्टेंबर २०२३ मध्यें, लीबियाच्याच पूर्व किनाऱ्यावर देर्ना शहराच्या वरचीं दोन धरणें एका वादळी रात्रीं फुटलीं आणि हजारों माणसें समुद्रांत गेलीं. कोरड्या मुलखांतील माणूस नदीचें पात्र रिकामें दिसतें म्हणून त्यांत घर बांधतो. नदी मात्र आपली वाट विसरत नाहीं. जो माथ्यावर पाणी धरतो तो दुष्काळ आणि पूर दोन्ही थोपवितो. कारण दोघांचें मूळ एकच, सैरावैरा सुटलेला लोंढा.

श्रोतेहो, माझें सांगणें संपत आलें. आपणांपैकीं बहुतेकांनीं बीड जिल्हा पाहिलेला नसेल. पाहिला असला तरी परळीच्या किंवा अंबाजोगाईच्या यात्रेपुरता. पण त्या जिल्ह्याशीं आपला संबंध रोजचा आहे. सकाळच्या चहांत आपण जी साखर घालतां, तिच्यामागें घाटावरच्या कोणा जोडप्याची पहांट असण्याचा संभव फार आहे. त्यांची कींव करावी असें मी म्हणत नाहीं. कींव त्यांनाही नको आहे. आपण साखरेचा भाव विचारतां, तेव्हां तोडणीचा भावही विचारावा. मोठ्या धरणाची बातमी वाचतां, तेव्हां त्याच्या वरच्या डोंगरावर काय झालें हेंही वाचावें. आणि आपल्या मुलांस महाराष्ट्राचा नकाशा शिकवितांना गोदावरीच्या निळ्या रेघेबरोबर तिच्या दक्षिणेची ती जाड, वेडीवांकडी, कोरडी रेघही त्यांच्या बोटानें गिरवून घ्यावी. इतकें झालें तरी माझ्यासारख्या जुन्या मास्तरास आजचा तास सत्कारणीं लागला असें वाटेल.